शुगरची वही, सांध्यांची वही... नक्की किती लिहायचं?

दोघींची_वही (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या घरात पेशंट दोन. एक सासूबाई, वय ७१, शुगर १४ वर्षं आणि बीपी त्याच्याही आधीपासून. दुसरी मी, वय ४४, आमवात, सहा वर्षं झाली, जोडीला थायरॉइड. दोघींचं मी एकाच दोनशेपानी वहीत लिहिते, पुढून सासूबाई आणि मागून मी, मधे कुठंतरी गाठ पडते तेव्हा नवी वही. सासूबाईंची उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची, दोन वेळचं बीपी, गोळ्या, काय खाल्लं, पोट साफ झालं का, झोप किती. माझ्या बाजूला दुखणं दहापैकी किती, कुठला सांधा, थकवा, वजन. शिवाय पोरानं मोबाईलवर ॲप टाकून दिलंय, ते रात्री साडेआठला टिंग करतं आणि विचारतं आज नोंद केली नाहीत. अरे बाबा आधी कुकर तरी उतरवू दे.

तर झालं असं, मागच्या वेळी वही घेऊन डॉक्टरांकडं गेलो. दोन तास नंबर लागायला, आत चार मिनिटं. डॉक्टरांनी वही उघडली, शेवटच्या पानावरचे उपाशीपोटीचे आकडे बघितले, त्यात एक २३८ आणि एक २२६ होता, म्हणाले वाढलीय, आणि ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर कमी करायची गोळी १ ची २ केली. मी म्हणत होते बाकीचे दिवस चांगले आहेत ओ, पण तोवर पुढचा पेशंट दारात. त्यांना तरी काय बोलणार, बाहेर चाळीस माणसं बसलेली.

नंतर दहाएक दिवसांनी दुपारी चार वाजता सासूबाई म्हणाल्या मला कसंतरी होतंय, बघते तर घामानं पदर ओला, हात थरथरतायत, मोजली तर ६२. साखर पाणी दिलं, सावरल्या. पण तेव्हापासून माझ्या मनात भीती बसलीय आणि मी दिवसातून पाच-सहा वेळा टोचते त्यांना. काल बोटं पुढं करून म्हणाल्या, बघ, चाळण झाली.

आणि कोडं असं की आकडे बघा, १२४, १३१, ११८, २३८, १२७, १३५, १२९... सगळं सरळ आणि मधेच एक उडी. रात्रीचं जेवण तेच, दीड भाकरी, भाजी, ताक. मी एकदा विचारून बसले की आई रात्री उठून काही खाल्लंत का, तर रडल्याच त्या. दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. वही ठेवायची ती घराला आधार म्हणून, तर ती वहीच आमच्यात भांडण लावायला लागली.

लिहिलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं, लिहिलं तर आकडा बघून धडधड. तुम्ही लोक काय लिहिता, कशात लिहिता, आणि डॉक्टरांना काय दाखवता?

वेबिल (सातारा)

ताई, मी एस.टी.त ३१ वर्षं कंडक्टर होतो, त्यातली बरीचशी वर्षं मशीन नव्हतं, पेटीतली तिकिटं आणि प्रत्येक स्टेजला वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद भरायचा. त्यामुळं लिहायची सवय हाडातच. शुगर निघाली त्याला १९ वर्षं झाली. सुरुवातीला मीपण तुमच्यासारखंच केलं, सगळं लिहायचं. मग कळलं की वेबिलात आपण कोण कुठल्या सीटवर बसलं ते लिहीत नाही, कुठल्या स्टेजला किती चढले किती उतरले एवढंच लिहितो, कारण हिशोब त्यावरच लागतो. तसंच हे.

मी वही सोडली. भिंतीवरचं कालनिर्णय, जिथं दुधाचा हिशोब लिहितो, त्याच चौकोनात शुगर. चौकोन लहान असतो हे लय चांगलं, निबंध लिहिताच येत नाही. काय वेगळं घडलं तर एक शब्द. लग्न. ताप. जागरण. उपास.

दुसरं, नुसती सकाळची मोजत बसू नका. मी आठवड्यातून दोन-तीन दिवस जोडीनं मोजतो, जेवायच्या आधी एक आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एक. कधी नाष्ट्याला, कधी दुपारी, कधी रात्री. मला त्यातूनच कळलं की माझा घोटाळा भाकरीत नव्हता, सकाळच्या पोह्यांत होता. नुसती उपाशीपोटीची बघून हे दहा वर्षं कळलं नसतं. तुमच्या सासूबाई ज्या गोळीवर आहेत त्यात शुगर खाली जाऊ शकते, तेव्हा त्यांना किती वेळा मोजायचं ते डॉक्टरला विचारूनच ठरवा, पण सहा वेळा टोचणं म्हणजे जास्तच वाटतंय.

बीपीचं पण सांगून ठेवतो. मी पोवई नाक्यावरनं चढ चढून घरी यायचो आणि चप्पल काढायच्या आधी मशीन लावायचो, १६० च्या आसपास यायचं, घरात सगळे घाबरायचे. आता लघवीला जाऊन येतो, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसतो, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला, आणि एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजतो. चहा आधी अर्धा तास नाही. मोजताना बोलायचं पण नाही, आमच्या हिला हे अजून पटलेलं नाही, नेमकं तेव्हाच विचारते गॅस नंबर लावला का.

उगाचच (इस्लामपूर)

रोज मोजा रोज टेन्शन घ्या. आमचे आजोबा ८८ पर्यंत जगले, एक दिवस मशीन बघितलं नाही. सकाळी कारल्याचा रस प्या, गोळ्या सुटतील हळूहळू.

काचपट्टी (मिरज)

@उगाचच, आजोबांना शुगर होती का नव्हती तेच कुणी बघितलं नसेल तर उदाहरण कशाचं देताय. आणि आधीच ६२ ला गेलेल्या ७१ वर्षांच्या बाईला गोळीवर वरून कारल्याचा रस सांगू नका हात जोडून.

ताई, मी लॅबमध्ये आहे, रक्त काढणं हेच रोजचं काम, त्यामुळं डॉक्टरसारखा सल्ला देणार नाही, पण मशीनचं सांगू शकतो.

पहिली गोष्ट, घरच्या मीटरला मुभा असते. १०० च्या वरच्या आकड्याला साधारण १५ टक्के इकडंतिकडं आणि १०० च्या खाली १५ पॉइंट, एवढं चालतं असं त्यांचं स्टँडर्डच आहे. म्हणजे १२४, १३१ आणि १३५ हा माझ्या लेखी एकच आकडा आहे. त्यावरून कालच्यापेक्षा आज वाढली म्हणून धडधड करून घेऊ नका. पण १२७ आणि २३८ हा मीटरचा खेळ नाही, तिथं काहीतरी घडलंय.

दुसरं, पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावता ना? पावसाळ्यात दमट हवेनं पट्ट्या खराब होतात, आणि तारीख बघा.

तिसरं, आणि हे मी रोज बघतो. हात. आपल्याकडं तर हे फारच. एकदा तासगावकडचे एक मामा आले, द्राक्षाच्या बागेतनं थेट, घरी मोजली तर तीनशेच्या वर आली म्हणून घाबरून आलेले. शिरेतनं रक्त घेतलं, दीडशेसुद्धा नाही. द्राक्षाचा रस बोटाला लागलेला, त्याच बोटातनं थेंब काढला. मशीनला एवढासा थेंब लागतो, त्यात बोटावरचा गोडवा मिसळला की आकडा कुठल्या कुठं. द्राक्ष, बेदाणा, ऊस, गूळ, आंबा, केळं, काहीही. आणि सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही, साबणानं हात धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. टोचताना बोटाच्या कडेला टोचा, मधे नको, मधे जास्त दुखतं. बोटं पाळीपाळीनं बदला म्हणजे चाळण होणार नाही.

एक प्रश्न. त्यांची तीन महिन्यांची, म्हणजे एचबीएवनसी, शेवटची किती होती? आणि हिमोग्लोबिन?

दोघींची_वही

एचबीएवनसी ६.९. हिमोग्लोबिन १२.१. दोन्ही याच महिन्यातलं.

हात... थांबा, मला जरा बघू दे.

काचपट्टी

६.९ म्हणजे ढोबळ सरासरी दीडशेच्या आसपास. सकाळी १२५-१३० आणि जेवणानंतर थोडी चढती, हे त्याच्याशी जुळतं. अधूनमधून २३८ खरोखर होत असेल तरी सरासरीत लपेल, म्हणून त्यावरून नक्की काही म्हणता येत नाही. हिमोग्लोबिन एवढ्यासाठी विचारलं की रक्त कमी असलं की हा रिपोर्ट फसवतो, लोहाची कमी असेल तर उगाच जास्त दाखवतो. तुमच्याकडं ती भानगड दिसत नाही.

आणि ६२ झाली ते डॉक्टरांना कळवलंत का? पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आजच फोन करा. स्वतःहून गोळी अर्धी वगैरेपण करू नका.

गावभाग (सांगली)

ताई मी गावभागातली, म्हणजे पुराचं पाणी घरात घेणारी. २०१९ ला आमच्या वडिलांची फाईल लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. सगळे रिपोर्ट, ईसीजी, दहा वर्षांच्या चिठ्ठ्या, नीट तारखेप्रमाणं लावलेल्या, मला त्याचा फार अभिमान होता. बोटीतनं निघालो तेव्हा वडील, आई, एक पिशवी. निवारा केंद्रात डॉक्टर मुलगी आली होती, तिनं विचारलं काका कुठल्या गोळ्या चालू आहेत, तर वडील म्हणाले एक पांढरी, एक गुलाबी, आणि एक अर्धी करून घेतो ती. झालं. दहा वर्षांची फाईल आणि हातात एवढंच. ती फाईल नंतर मिळाली, पण तिची पाव भाजी झालेली, शाई सगळी एकमेकांत उतरलेली.

तेव्हापासून आमच्याकडं एक कागद. एकच. त्यावर आजार काय आणि कधीपासून, गोळ्यांची नावं मिलिग्रॅमसकट, कशाची ॲलर्जी, शेवटचे महत्त्वाचे रिपोर्ट. त्याचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये, आईच्या, आणि पुण्याला बहिणीच्या. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा निदान या बाबतीत तरी निवांत होतो. डॉक्टरांना पण हाच कागद आधी द्या हातात, वही पिशवीत राहू दे, मागितली तर काढा.

आता तुमच्या धडधडीबद्दल. वडिलांचं हृदय कमजोर आहे, अंगात पाणी साठतं, म्हणून त्यांचं वजन रोज सकाळी मोजायचं असतं, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. मी सुरुवातीला तीनशे ग्रॅम वाढलं तरी रात्रभर जागी. मग डॉक्टरांनीच विचारलं, तुम्ही गावभागातल्या ना, कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी ३० फुटांवर असताना सामान माळ्यावर टाकता का? म्हणलं नाही. मग कधी? म्हणलं ४० ला इशारा, तेव्हा वरच्या मजल्याची जागा रिकामी करतो, गाडी हलवतो, ४५ ला धोका, तेव्हा कुलूप. म्हणाले तेच करा. मग त्यांनीच आकडे घालून दिले. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वजन चढलं की त्याच दिवशी फोन. पायावर बोट दाबून खळगा राहिला की फोन. रात्री उशा वाढवायला लागल्या, आडवं झालं की दम लागला, तर फोनबिन काही नाही, थेट दवाखाना. त्याच्या खालचं सगळं लिहायचं आणि विसरायचं.

तुम्ही पण सासूबाईंसाठी डॉक्टरांकडनं दोन आकडे घेऊन या, वरचा इशारा आणि खालचा इशारा. आम्हाला कुणी हे सांगितलं नव्हतं, विचारल्यावर मात्र एका मिनिटात सांगितलं. विचारायचं आपल्या डोक्यात येत नाही कारण आपण सगळा वेळ वही दाखवण्यात घालवतो.

वेबिल (सातारा)

गावभाग ताई, हे ४० आणि ४५ लई भारी. आमच्याकडं कृष्णा वेण्णेचा संगम माहुलीला, पण असला हिशोब कधी सुचला नाही.

खालच्या इशाऱ्याचं मला सांगितलेलं असं, ७० च्या खाली गेली की वाट बघायची नाही, तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजायची, नाही चढली तर परत तेवढीच. चढली की मग थोडं खायचं, जेवण लांब असेल तर. एकदा मला गाडीत तसं झालं तर शेजारच्यानं प्रेमानं कंदी पेढा दिला. साताऱ्याचा असला तरी तेव्हा पेढा नको, खव्यातल्या तुपानं साखर उशिरा चढते. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची पावडर ठेवा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, उचलून दवाखाना.

सांधेवाली (कराड)

सगळे सासूबाईंबद्दल बोलतायत, वहीच्या मागच्या पानांचं काय? ताई तुम्ही स्वतःबद्दल एक ओळ लिहिलीत आणि पुढं गेलात, हे आपल्या सगळ्या बायकांचं असंच.

मलापण आमवात, ११ वर्षं. ते दहापैकी किती, हे मला कधीच जमलं नाही. आज सहा म्हणजे काय, कालच्या सहापेक्षा जास्त का कमी, देव जाणे. मी त्याऐवजी भाकरीवर मोजते. भाकरी थापली तर थ. थापता आली नाही, पोळपाटावर लाटली तर ल. दोन्ही नाही, पोरगा बाहेरनं घेऊन आला तर बा. कॅलेंडरवर एक अक्षर. एका महिन्यात माझ्या सात बा झाल्या, ते नुसतं डॉक्टरांना दाखवलं, म्हणलं सर हे असं, तर त्यांनी पहिल्यांदा खुर्ची पुढं ओढून हात बघितला. त्याआधी मी सहा महिने म्हणत होते खूप दुखतंय आणि ते म्हणत होते हो.

दुसरं, सकाळचा आखडलेपणा. हे ते नेहमी विचारतात. किती मिनिटं, ते लिहा. अर्ध्या तासात मोकळं होतं का एक तास-दीड तास लागतो, यानं आजार शांत आहे का पेटलाय ते त्यांना कळतं. घड्याळ बघायला नको असेल तर घरातल्या कामावर लावा. माझं आहे, दूधवाला येईपर्यंत, चहा होईपर्यंत, पोरगा शाळेला जाईपर्यंत. पोरगा गेल्यावरही मूठ मिटत नसेल तर तो दिवस वाईट.

आणि आमवातावरची मेथोट्रेक्सेट चालू असेल तर एक गोष्ट मोठ्या अक्षरात. ती आठवड्यातनं एकदाच. रोज घ्यायची गोळी नाही. चुकून रोज घेतली तर रक्तातल्या पेशी एकदम खाली जातात, माणूस दगावतो त्यात. माझा वार सोमवार, कॅलेंडरवर वर्षभराच्या सगळ्या सोमवारांना मी जानेवारीतच लाल गोल करून टाकते, गोळी घेतली की गोलावर फुली. फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी. आणि रक्त, लिव्हरची तपासणी ठरल्या वेळेला, ती तारीखपण तिथंच.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घेताय ना, चहा अर्ध्या-एक तासानं. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची. मी दोन वर्षं दोन्ही एकत्र गिळत होते आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, का खाली येत नाही म्हणून रडत होते.

अर्धशिशी (सातारा)

माझा आजार वेगळा आहे पण वहीचा किस्सा सांगते. अर्धशिशी, कॉलेजपासून. मी भयंकर लिहायचे, काय खाल्लं, ऊन किती, झोप, पाळी, कुठल्या बाजूला दुखलं, ढग होते का. चार महिने लिहून काढलेला निष्कर्ष, मला कशानंही दुखू शकतं. थँक्यू.

मग डॉक्टर मॅडमनी सांगितलं सगळं बंद, तीनच गोष्टी. डोकं दुखलं त्या दिवशी टिंब, पेनकिलर घेतली तर टिंबाला गोल, पाळीच्या दिवसांखाली रेघ. महिन्यानं गोल मोजले तर १७. मला कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की सात-आठ. साधी पेनकिलर महिन्यात १५ दिवस किंवा जास्त असं तीन महिन्यांच्या वर चाललं की ती गोळीच डोकं दुखवायला लागते म्हणे, आणि मिश्र गोळ्यांना तर ही हद्द १० दिवसांवरच. म्हणजे मी औषध म्हणून जे खात होते त्यानंच पुढचं दुखणं येत होतं. सोडताना पहिले पंधरा दिवस नरक होता, खोटं नाही बोलत.

आणि मनगटावरचं घड्याळ विकलं. सकाळी उठल्या उठल्या म्हणायचं तुमची झोप खराब झाली, आणि मी चांगली उठलेली असले तरी तेवढं वाचून थकायचे.

दोघींची_वही

पाच दिवसांनी येतेय. वाचून बसलेय सगळं, परत परत.

पहिल्यांदा डॉक्टरांना फोन केला. ६२ सांगितली. म्हणाले गोळी परत १ वर आणा, आठवडाभर बघा आणि कळवा. दोन आकडेपण मागून घेतले, गावभाग ताई. त्यांनी लगेच दिले.

आता कोडं. वेबिल काका, तुमचं ऐकून मी परवा रात्री वहीतल्या तीन महिन्यांच्या सकाळच्या शुगरी कालनिर्णयवर उतरवल्या, मागची पानं उलटून प्रत्येक चौकोनात बारीक पेन्सिलीनं. वहीत मी फक्त तारीख लिहायचे, वार कधीच नाही. आणि चौकोनात भरता भरता माझा हात थांबला. उड्या एका रांगेत यायला लागल्या. शुक्रवार. शुक्रवार. शुक्रवार. एकूण अकरा उड्या, त्यातल्या नऊ शुक्रवारच्या.

शुक्रवारी आमच्याकडं देवीला गूळ-फुटाण्याचा नैवेद्य असतो.

आता यात माझा भाग ऐका. शुगर मोजायची पहाटे उठल्यावर, हे मला माहीत होतं. पण सकाळी माझी बोटं आखडलेली असतात, ती टोचणी पकडता येत नाही, पट्टी डबीतनं निघत नाही, तीन खाली सांडतात तेव्हा एक मिळते. म्हणून मी आठ वाजता, बोटं मोकळी झाल्यावर टोचायचे. तोवर सासूबाईंची आंघोळ, पूजा, सगळं झालेलं असायचं. गुळाची ढेप त्या हातानंच फोडतात, सुरी लावू देत नाहीत देवाच्या गुळाला. मग हात पदराला पुसायच्या आणि बोट माझ्यापुढं. तोंडात एक कण नाही, पाणीसुद्धा नाही, आणि मी बाईला चोर ठरवलं.

काल सांगितलं त्यांना. पाया पडले आधी. त्या जरा वेळ कॅलेंडरकडं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, म्हणजे देवीची शुगर माझ्या नावावर लिहीत होतीस होय.

उरलेल्या दोनपैकी एक संकष्टीच्या दुसऱ्या दिवशीची आहे, रात्री चंद्रोदयाला मोदक झाले होते, तो खराच खाल्लेला. एक मंगळवारची २११, तिचा पत्ता लागला नाही.

सांधेवाली ताई, मेथोट्रेक्सेट चालू आहे, गुरुवारी. गोल करून ठेवले. आणि मागची पानं काढून बघितली, मला दहापैकी सहा, सहा, पाच, सहा, सहा असं सहा महिने लिहिलेलं दिसलं. काहीच कळत नाही त्यातनं, खरंय. कालपासून अक्षरं सुरू केलीयत. काल ल.

काचपट्टी (मिरज)

बास, हे ऐकून दिवस सार्थकी लागला. ती नऊ पानं डॉक्टरांना दाखवा, पण नुसती पानं नको, वरती एक ओळ लिहा की हे आकडे गुळाच्या हाताचे आहेत. नाहीतर पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरनं फाईल उघडली की परत २३८ च दिसणार. मंगळवारचं सोडून द्या, एखादा सुटतोच.

उगाचच (इस्लामपूर)

मानलं. कारल्याचं मागं घेतो. आमच्या आईची पण शुगर कधीकधी अशीच उडते आणि ती गुऱ्हाळावर जाते. विचारतो हात धुतेस का.

दोघींची_वही

आज शुक्रवार. सहा वाजता, पूजेच्या आधी, साबणानं हात धुऊन, टॉवेलनं कोरडे करून. टोचलं त्यांनी स्वतःच, मी फक्त पट्टी लावून दिली, तीपण चौथ्या प्रयत्नात. १२८.

चौकोनात त्यांनीच लिहिलं, मोडीसारख्या त्यांच्या तिरक्या अक्षरात, आणि खाली मला न विचारता माझं अक्षरपण टाकलं. थ. म्हणलं आई अजून भाकरी केलेली नाही मी. म्हणाल्या, करशील की, आणि नाही झाली तर मी खोडते.